आपाच्या सत्तरीचे अकरा हजार फोटो

"फोटो नीट लावणं म्हणजे काय मोठंसं? द्या इकडे, मीच करतो," असं मी चारचौघांत म्हणालो आणि तिथेच फसलो. चारचौघांत म्हणजे आमचे थोरले काका, बिश्केकहून आलेला माझा मोठा भाऊ एर्मेक, शेजारचे कासिम बाइके आणि चहा ओतणारी माझी बायको बेगिमाय. आपाची, म्हणजे आमच्या आईची, सत्तरी कशी करायची याची बैठक चालली होती. मेंढ्या दोन की तीन यावर दीड तास गेला होता. मग कोणाला तरी आठवलं की जिची सत्तरी आहे तिलाही विचारायला हवं.

आपाला काही विचारलं की ती "मला काय करायचंय" म्हणते आणि आपण सुटतो, ही आमच्या घरची पद्धत. यावेळी तिने पेला खाली ठेवला.

"माझा आणि ह्यांचा एक फोटो आहे," ती म्हणाली. "तळ्याकाठचा. लग्नानंतरच्या पहिल्या शरदातला. तो एकदा भिंतीएवढा बघायचाय."

'हे' म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे आणि गळ्यात कायम कॅमेरा. आमच्या काराकोल गावातल्या निम्म्या माणसांचे फोटो त्यांनी काढलेत, पण कॅमेरा दुसऱ्याच्या हातात कधी दिला नाही, त्यामुळे स्वतः कुठेच नाहीत. आपाबरोबरचा तेवढा एकच.

"आहे कसा तो?" मी विचारलं.

"मी लाल कोट घातलाय. हे शेजारी उभे आहेत. अगदी स्पष्ट."

एवढी माहिती शहर पाणीपुरवठ्यातल्या मीटर विभागाच्या प्रमुखाला पुरेशी आहे. मी हाताखाली सहा हजार मीटर सांभाळतो. वडिलांच्या सगळ्या फिल्मा मीच तीन हिवाळे बसून स्कॅन केल्या होत्या. फोटो लॅपटॉपमध्येच होता. फक्त कुठे होता ते माहीत नव्हतं.

लॅपटॉप उघडला. 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर २', 'खरा', 'खरा शेवटचा' आणि 'हा उघडू नये' अशा पाच ठिकाणी मिळून अकरा हजार तीनशे चाळीस फोटो होते. त्यात वडिलांच्या फिल्मा होत्या, सगळ्या खानदानाच्या फोनमधले वाढदिवस होते, आणि माझ्या खात्याच्या गळक्या नळांचे चारशे होते, ते कामाचे असल्यामुळे सोडले. समारंभाला नऊ दिवस होते.

पहिला सल्ला कासिम बाइकेंचा. बाइके म्हणजे दादा; हे निवृत्त भूमापक. गेली वीस वर्षं त्यांनी जमीन मोजलेली नाही, त्यामुळे साठलेली सगळी अचूकता ते आमच्या घरी येऊन खर्च करतात.

"हे बघ रिसबेक, घर आवरताना आपण आधी काय करतो? कचरा काढतो. हललेले, धूसर, अंधारातले, सगळे एका झटक्यात टोपलीत टाक. मग उरतं ते सोनं."

फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी बटणच होतं. बटण आहे म्हटल्यावर मी दाबलं. सहाशे बारा धूसर फोटो कचऱ्याच्या टोपलीत गेले. मला फार हलकं वाटलं. बाइकेंनीही एक पेला चहा जास्त घेतला.

दुसरं बटण होतं सारखे फोटो काढून टाकण्याचं. सॉफ्टवेअरला सातशे सापडले. आमच्याकडे दर नौरुझला, म्हणजे वसंताच्या सणाला, सगळं खानदान काकांच्या घराच्या पायऱ्यांवर उभं राहतं, वडीलधारे वर, लहान खाली, जागा ठरलेल्या. कोट तेच, टोप्या त्याच. मी बटणावर बोट ठेवणार तेवढ्यात बेगिमाय मागून म्हणाली, "अहो, हा सारखा नाही. ह्यात आपला मुलगा कडेवर आहे आणि ह्यात त्याला मिशी आहे."

बघितलं तर खरंच. एकोणीस वर्षांचं खानदान मी एका फोटोत बसवायला निघालो होतो. अर्थात ते मला दिसलंच असतं. पण तिला आधी दिसलं एवढं मी इथे नोंदवून ठेवतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या वालेन्तिना पेत्रोव्ना यांनी गावातल्या फोटो स्टुडिओत तीस वर्षं काढली. त्यांचं म्हणणं, चेहरा मधोमध हवा, बाकी सगळं कापायचं. "माणूस बघायला येतात लोक, कुंपण नाही." मी दोन दिवस बसून कडा कापल्या. मग थोरले काका प्रगती बघायला आले. त्यांचा तरुणपणीचा एक फोटो होता, त्यावर त्यांचा फार जीव.

"घोडा कुठाय?" काकांनी विचारलं.

"कुठला घोडा?"

"ज्याच्यासाठी फोटो काढला तो. शर्यत त्याने जिंकली होती, मी नव्हे. मी नुसता लगाम धरून उभा होतो."

पडद्यावर काकांचा चेहरा मधोमध होता आणि कोपऱ्यात एक कान. काका त्या कानाकडे बराच वेळ बघत राहिले. मग "तुझ्या बापाने असं केलं नसतं" म्हणाले आणि न जेवता गेले. म्हणजे आधी नको म्हणाले, मग जेवले, आणि मग न बोलता गेले. मी सगळ्या कडा परत जोडल्या.

आणि लाल कोट? सॉफ्टवेअरमध्ये रंग लिहिला की त्या रंगाचं शोधून देतं, ही सोय मी स्वतः शोधून काढली होती. 'लाल कोट' लिहिलं. दोनशे बारा निघाले. एर्मेकच्या बायकोचे एकट्या नव्वद. एक तर नववर्षाला भेटी वाटणारा दाढीवाला आजोबा होता, आणि तो नीट पाहिला तर मीच निघालो, कचेरीच्या कार्यक्रमातला. आपाचा एकही नाही. मी चार संध्याकाळी त्या दोनशे बारांतून तीन वेळा गेलो.

शेवटी बेगिमाय पीठ मळता मळता म्हणाली, "अहो, सासरेबुवांच्या फिल्मा काळ्यापांढऱ्या ना?"

मी शोधायच्या चौकटीतलं 'लाल कोट' पुसून टाकलं. आपाच्या आठवणीत कोट लाल होता. तो फोटोत कुठून लाल असणार.

मग काळेपांढरे तीन हजार पाहिले. आपा पुष्कळ ठिकाणी होती, बादली घेऊन, बाळ घेऊन, सायकलवर. एकटीच. शेजारी स्पष्ट उभे असलेले वडील कुठेच नाहीत. आपा रोज सकाळी दूध उकळताना विचारायची, "सापडला?" आणि मी म्हणायचो, "सापडतोय." हे आठ दिवसांत इतक्यांदा झालं की शेवटी शेवटी ती नुसतं माझ्याकडे बघायची आणि साय बाजूला करायची. मला फार वाईट वाटायचं. तिने सत्तर वर्षांत मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि ती आमच्याच घरात कुठेतरी होती.

चेहऱ्यांवरून शोधू, असं मी ठरवलं. सॉफ्टवेअर चेहरे गोळा करतं आणि एकेकाखाली चौकट काढून विचारतं, 'हे कोण आहेत?' एकदा नाव लिहिलं की त्या माणसाचे सगळे फोटो एकत्र होतात. पण आमच्या खानदानात चेहरे तीनशे आणि मला ओळखू येणारे साठ. बेगिमायला मात्र सगळे येतात. पंचवीस वर्षं तिने ह्या प्रत्येकाला चहा दिलाय. ते काम मी तिच्यावर सोपवलं. मोठ्या कामात वाटणी लागते.

ती जरा थबकली. "मी कशी लिहू ह्यांची नावं?"

आता आमच्यात सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही. दिराचं नाही, सासऱ्याचं नाही, जुन्या वळणाची असेल तर नवऱ्याचंही नाही. प्रत्येकाला ती आपलं एखादं नाव ठेवते आणि तेच चालतं. आमच्या आपाच्या तोंडून वडिलांचं नाव मी जन्मात ऐकलेलं नव्हतं. हे सगळं मला माहीत आहे. पण त्यावेळी माझ्या डोक्यात तीनशे चौकटी होत्या.

"अगं, यंत्राला नुसती खूण लागते," मी म्हणालो. "तुला ओळखू येईल असं काहीही लिही. कोण वाचतंय?"

तिने लिहिलं. दोन दिवसांत तीनशे. मी आकडा तपासला, बरोबर होता. नावं तपासली नाहीत. मीटरवाले आकडा तपासतात.

आता समारंभाचा हॉल. तिथल्या कार्यक्रम विभागात ऊलकान नावाच्या बाई बसतात. फोटो पडद्यावर दाखवायचे तर फॉर्म भरावा लागतो, तीन प्रतींत. फोटोंची संख्या, एकूण मिनिटं, आग लागल्यास कोणी काय करायचं, आणि शेवटी 'जबाबदार व्यक्ती'. मी एकशे ऐंशी फोटो निवडून नेले होते. त्यातल्या एका रकान्यात 'नावे दाखवणे: हो / नाही' असं होतं.

"नावं असतील तर दाखवा," ऊलकानबाई म्हणाल्या. "नाहीतर लोक उठून पडद्यापाशी येतात, हा कोण, तो कोण. मागच्या महिन्यात एक आजी प्रोजेक्टरच्या वायरीत अडकल्या."

"आमच्याकडे सगळ्यांची आहेत," मी छाती काढून म्हणालो. 'हो'वर गोल केला. जबाबदार व्यक्ती म्हणून पूर्ण सही केली, पदासकट. ऊलकानबाईंनी त्यावर इतक्या जोरात शिक्का मारला की तिन्ही प्रती एकदम उडाल्या.

आदल्या दिवशी आपाला खरं सांगितलं. ती पाहुण्यांसाठी कणकेचे फुगीर बोरसोक तळत होती, तिथेच उभा राहून म्हणालो, "आपा, तो फोटो मिळाला नाही."

ती म्हणाली, "असू दे." झाऱ्याने चार बोरसोक काढले, माझ्या हातात दिले, आणि पुन्हा म्हणाली, "असू दे रे." मी ते गरम गरम खाल्ले आणि जीभ भाजली. बेगिमाय कणीक लाटत होती. तिने मला विचारलं, "टोपलीतसुद्धा बघितलं का?"

"टोपलीत कचरा आहे," मी म्हणालो.

समारंभ दुपारी दोनला सुरू झाला. दीडशे माणूस. मांसाचे तुकडे मानाप्रमाणे वाटले गेले, कोणाला कुठलं हाड यावरून फक्त दोघे रुसले, म्हणजे फार सुरळीत चाललं होतं. माइकवर एर्मेकने नारिनहून बोलावलेला सूत्रसंचालक होता. मोठा गोड गळा. आमच्यातलं कोणालाच ओळखत नव्हता, पण म्हणाला, "काळजी नको, पडद्यावर नावं येणारेत ना? मी वाचत जाईन."

दिवे मंद झाले. पहिला फोटो काकांचा, घोड्यासकट. त्यांचा रुसवा जावा म्हणून मी मुद्दाम तो पहिला ठेवला होता.

सूत्रसंचालकाने खाकरून भरल्या आवाजात वाचलं, "आणि हे आपल्या घराण्याचे आधारस्तंभ, आदरणीय... अजून थोडं."

मला वाटलं त्याला आणखी काही म्हणायचंय. पण पडद्यावर काकांच्या छातीवर हाताएवढ्या अक्षरांत तेच होतं. 'अजून थोडं'. सूत्रसंचालकाला हे टोपणनाव वाटलं असावं, कारण तो टाळ्यांची वाट बघत थांबला. टाळ्या आल्या नाहीत, तसा तो पुढे गेला. धाकट्या काकांखाली 'दारात एक तास'. आत्याच्या नवऱ्याखाली 'चहा गार आहे'. माझा भाऊ एर्मेक, बिश्केकला मोठ्या हुद्द्यावर, त्याच्याखाली नुसतं 'पाहुणा'.

स्वयंपाकघराच्या दारात सगळ्या सुना जमल्या होत्या. त्यातली एक हसली आणि तिने पदर तोंडात कोंबावा तसा टेबल पुसायचा कपडा तोंडात कोंबला. बेगिमाय हातात चहादाणी घेऊन उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पंचवीस वर्षांत कोणी तिच्याकडे बोट दाखवलं नव्हतं, आणि ते मी एका फॉर्मवर गोल करून घालवलं होतं.

काकांनी सुरी खाली ठेवली. "हे कोणी लिहिलं?"

मी उठलो. मला उठवलं तरी कोणी, माहीत नाही. "काका, जबाबदार व्यक्ती मी आहे."

"तू?" काका म्हणाले. "तुझं डोकं एवढं चालत नाही."

आता ते सुनांकडे वळणार हे सगळ्यांना दिसत होतं. बेगिमायने चहादाणी ठेवली आणि पुढे यायला निघाली. तेवढ्यात मानाच्या जागेवरून आपा बोलली.

"भाऊजी, ते नाव मी ठेवलंय."

काका वळले.

"पन्नास वर्षांपूर्वी. मी ह्या घरात आले त्याच दिवशी. तुम्ही चार वेळा सूप नको म्हणालात आणि चार वेळा घेतलंत. मी लाजत होते, तुमचं नाव घ्यायचं नाही, मग तुम्हाला काय म्हणायचं? हे म्हटलं. पोरीने फक्त पुढे चालवलंय. दारात एक तास पण माझंच. चहा गार आहे तिचं आहे, पण चांगलं आहे."

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. पन्नास वर्षं घरातल्या सगळ्या बायका आपल्याला पाठीमागे काय म्हणत होत्या हे माणसाला एका दुपारी कळलं तर त्याला थोडा वेळ द्यायला हवा.

"चार नव्हे," ते शेवटी म्हणाले. "पाच वेळा. पाचव्यांदा तू आत गेली होतीस." मग त्यांनी वाडगा बेगिमायपुढे धरला. "आण. अजून थोडं."

हॉल जो फुटला तो फुटलाच. आता लोक खुर्च्या ओढून पुढे आले. ज्यांचं नाव अजून आलं नव्हतं ते अस्वस्थ झाले, ज्यांचं आलं होतं ते शेजाऱ्याचं यायची वाट बघू लागले. आणि मी जरा सैल होऊन बसतोय तोच पडद्यावर मी आलो. कचेरीत, टेबलामागे, टाय लावून. खाली लिहिलं होतं, 'मीच करतो'.

सगळ्यात मोठ्या टाळ्या ह्याला पडल्या. पाणीपुरवठ्याचे आमचे साहेब उभे राहून वाजवत होते. मी बेगिमायकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

असे एकशे ऐंशी झाले. मी दिवे लावायला हात वर केला, तर पडद्यावर आणखी एक फोटो आला. हा मी निवडलेला नव्हता.

काळापांढरा, कलता. समोर तळं. डावीकडे मोठ्या चार बटणांचा कोट घातलेली एक मुलगी, हसू दाबत, अगदी स्थिर. आणि तिच्या उजवीकडे कॅमेरा दगडावर ठेवून, बटण दाबून, धावत आलेला कोणीतरी. पोचला होता, पण थांबला नव्हता. कोटाची एक बाही, वाऱ्यात उडालेले केस आणि चेहऱ्याच्या जागी एक पांढरट पट्टा. एवढंच.

बेगिमाय दर वसंतात आपाची पेटी उन्हात टाकते. तिच्यात तो कोट आहे. बटणांवरून तिने ओळखला. टोपलीतल्या सहाशे बारा फोटोंतून काढला आणि मला न विचारता शेवटी जोडला. विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, ह्यात वडील दिसत नाहीत.

मुलीखाली लिहिलं होतं 'आपा'. पण शेजारच्या चौकटीत बेगिमाय काय लिहिणार? सासऱ्याचं नाव तिच्याच्याने लिहवेना, आणि गेलेल्या माणसाला स्वयंपाकघरातलं नाव द्यायला तिचं मन झालं नसणार. तिने चौकट रिकामी सोडली होती. आणि रिकामी चौकट दिसली की सॉफ्टवेअर आपलं विचारतंच. भिंतीएवढ्या फोटोवर, त्या पांढरट पट्ट्याखाली, मोठ्या अक्षरांत प्रश्न आला.

'हे कोण आहेत?'

सूत्रसंचालकाने माइक तोंडाशी नेला, पण त्याला काय वाटलं कोण जाणे, वाचलं नाही. कोणीतरी मला खुणावलं, सांग की. मी तोंड उघडलं आणि आपाकडे पाहून मिटलं.

ती उठली होती. चष्मा लावला, पडद्यापाशी गेली, इतकी जवळ की तिची सावली तळ्यात पडली. काका तिचे थोरले दीर, समोर बसलेले. त्यांनी मान खाली घातली, नजर बाजूला केली, जशी घरातल्या बाईला मोकळं बोलू द्यायचं तर करतात.

"सागिनबेक," आपा म्हणाली.

मी ते नाव टपालावर वाचलंय, शाळेच्या पाटीवर, कबरीच्या दगडावर. तिच्या आवाजात ते कसं ऐकू येतं हे मला माहीत नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. एर्मेकही लपवू शकला नाही.

तिने हात वर करून त्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवला, गालावर ठेवावा तसा. पुन्हा एकदा नाव घेतलं, ह्यावेळी हळू, त्यांच्यापुरतं. मग नेहमीच्या आवाजात, दूध उतू गेल्यावर बोलते त्या आवाजात, म्हणाली, "सांगत होते ना तुम्हाला, धावू नका. मी थांबले असते."